मणका सांभाळणारी गाडी

१० जानेवारी २०२३. सौदी अरेबियाच्या वाळवंटात डाकार रॅलीचा नववा टप्पा नुकताच सुरू झाला होता. स्पेनचे कार्लोस साईन्झ यांची ऑडी वाळूच्या एका टेकडीवरून उतरताना उलटली. साईन्झ तेव्हा साठ वर्षांचे होते. त्यांना हेलिकॉप्टरने रुग्णालयाकडे नेले जात असताना त्यांनी वाटेतच परत फिरायला सांगितले. गाडी दुरुस्त होईल आणि शर्यत पुढे चालू ठेवता येईल, अशी त्यांना आशा होती. गाडी काही दुरुस्त झाली नाही. मायदेशी परतल्यावर तपासणी झाली, तेव्हा पाठीचे दोन मणके मोडल्याचे आढळले.

याच रॅलीत चार दिवस आधी स्टेफान पीटरहान्सेल यांची गाडी अशीच वाळूच्या टेकडीवरून आदळली होती आणि त्यांचे सहचालक एदुआर बुलांझे यांच्या पाठीला इजा झाली होती. दोन्ही गाड्या ऑडीच्या आणि दोन्ही गाड्यांत जगातले कसलेले चालक. पोलादी पिंजरा, सहा ठिकाणी बांधणारे पट्टे, हेल्मेट, मान सांभाळणारे उपकरण, सगळे जागेवर होते. डोके वाचले, छाती वाचली, हातपाय वाचले. मणका मात्र मोडला. असे का व्हावे, या प्रश्नाच्या उत्तरात वाळवंटी शर्यतीच्या गाडीची सगळी रचना सामावलेली आहे आणि आपल्या रोजच्या प्रवासातल्या पाठदुखीचाही बराचसा भाग.

शर्यत कशी असते?

फ्रान्सचे तिएरी साबिन १९७७ मध्ये मोटारसायकल शर्यतीत लिबियाच्या वाळवंटात वाट चुकले आणि थोडक्यात वाचले. त्या अनुभवातूनच त्यांना पॅरिस ते डाकार शर्यतीची कल्पना सुचली. पहिली रॅली २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसमधून निघाली. सुरक्षेच्या कारणावरून २००८ ची रॅली रद्द झाली, २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत भरली आणि २०२० पासून सौदी अरेबियात भरते. साधारण दोन आठवडे, हजारो किलोमीटर, रोज नवा टप्पा आणि रस्ता असा नाहीच. कधी दगडगोटे, कधी कोरड्या नद्यांची पात्रे, कधी पिठासारखी भुसभुशीत धूळ आणि कधी नजर पोहोचेल तिथपर्यंत वाळूच्या टेकड्या.

अशा शर्यतीची गाडी म्हणजे फक्त वेगवान गाडी नव्हे. तिला वाळूत रुतायचे नाही, दगडावर फुटायचे नाही, शेकडो किलोमीटर पुरेल इतके इंधन वाहायचे आणि आतल्या दोन माणसांना दिवसाच्या शेवटी विचार करता येईल अशा अवस्थेत मुक्कामाला आणायचे. यातले शेवटचे काम सर्वांत अवघड. इंजिन बदलता येते, मणका बदलता येत नाही.

वाळूच्या टेकडीचा फसवा माथा

वाळूच्या टेकडीची वाऱ्याकडची बाजू सौम्य चढाची असते. दुसरी बाजू एकदम तुटलेली, साधारण ३० ते ३५ अंशांच्या उताराची. कोरडी वाळू याहून जास्त उतारावर टिकतच नाही, घसरून खाली येते. चढताना वेग कमी झाला तर गाडी रुतते. वेग जास्त असला तर माथ्यावरून ती हवेत झेपावते. माथ्यापलीकडे काय आहे हे चालकाला दिसत नाही. भर दुपारी सूर्य डोक्यावर असला की सावल्या नाहीशा होतात आणि वाळूतले खड्डे-उंचवटे सपाट दिसू लागतात. खोली ओळखायला डोळ्यांना सावल्यांची मोठी मदत होते. ती गेली की अनुभवी चालकाचाही अंदाज चुकतो.

आता गाडी हवेतून खाली येते तेव्हा काय होते ते पाहू. हिशेब सोपा आहे. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागले की धक्का गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, हे साधारण कळते. गाडी एक मीटर उंचीवरून पडली आणि तिच्या स्प्रिंगा ३५ सेंटिमीटर दबत दबत तिला थांबवत असतील, तर सरासरी धक्का जवळपास तिप्पट, म्हणजे ३ जी. हेच अंतर २८ सेंटिमीटर असेल तर साडेतीन जी. पण स्प्रिंगा आधीच पूर्ण दबलेल्या असतील आणि शेवटच्या पाच सेंटिमीटरमध्येच थांबायचे असेल, तर धक्का २० जी. माणसाच्या कमरेवरच्या भागाचे वजन ३५ किलो धरले, तर त्या क्षणी कमरेच्या मणक्यांवर ७०० किलोचा भार येतो. हे कागदावरचे सरासरी गणित झाले. प्रत्यक्षातला सर्वांत मोठा झटका याहून जास्त असतो.

३५ आणि २८ हे आकडे सहज घेतलेले नाहीत. डाकारच्या सर्वोच्च गटातल्या गाड्यांसाठी २०२२ मध्ये नवे नियम आले. चाकाला वर-खाली होण्यासाठी आधी २८ सेंटिमीटरची मुभा होती, ती ३५ झाली. टायर ३२ इंचांवरून ३७ इंचांचे झाले आणि गाडीची रुंदी दोन मीटरवरून २.३ मीटर झाली. दगडांवर टायर फुटण्याचे प्रमाण कमी व्हावे, हाही त्यामागचा एक उद्देश होता.

गाडीचे स्नायू आणि कूर्चा

स्प्रिंग धक्का साठवते, पण साठवलेला धक्का परतही देते. नुसती स्प्रिंग असेल तर गाडी चेंडूसारखी उसळत राहील. ही उसळी खाऊन टाकण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बर करतो. त्यातले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हालचालीचे रूपांतर उष्णतेत होते. या गाड्यांचे वजन दोन टनांच्या आसपास. इतके वजन तासन्‌तास आदळत राहिले की तेल तापते, पातळ होते आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकतो. म्हणून या गाड्यांत एका चाकाला सहसा दोन-दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतात, म्हणजे काम आणि उष्णता दोन्ही वाटून जातात.

आपल्या पाठीतही अशीच सोय आहे. दोन मणक्यांच्या मध्ये असलेल्या चकतीचा गाभा पाण्याने भरलेल्या मऊ जेलीसारखा असतो. भार आला की तो पसरतो आणि दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. दिवसभराच्या भाराने या चकत्यांतले थोडे पाणी पिळले जाते, त्यामुळे संध्याकाळी आपली उंची सकाळपेक्षा सेंटिमीटरभराने कमी भरते. रात्री आडवे झालो की पाणी परत भरते. मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. तिचे पोषण या पाण्याच्या ये-जा करण्यावर चालते. वय वाढते तसे गाभ्यातले पाणी कमी होते आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर कडक होत जातो. साठीतल्या चालकाच्या पाठीत आणि तिशीतल्या चालकाच्या पाठीत हा फरक असतोच, मनाची जिद्द कितीही सारखी असली तरी.

उभ्या माणसाला आणखी एक सोय असते, ती म्हणजे गुडघे. उडी मारल्यावर आपण गुडघे वाकवतो आणि थांबण्याचे अंतर आपोआप वाढवतो. डाकारचे मोटारसायकलस्वार म्हणूनच खडबडीत भागात पायदानावर उभे राहून गाडी चालवतात. मोटारीतला चालक मात्र बसलेला असतो, पट्ट्यांनी आसनाला करकचून बांधलेला. पाय पुढे पसरलेले, त्यांचा उपयोग नाही. धक्का आसनातून थेट माकडहाडाला, तिथून कमरेला आणि वर छातीच्या मणक्यांना. समोरून येणारा आघात पट्टे झेलतात, बाजूचा आघात पोलादी पिंजरा झेलतो. खालून वर येणाऱ्या आघातासाठी पट्ट्यांचा उपयोग फारसा नाही.

त्यात सहचालकाची मान अनेकदा खाली वाकलेली असते. त्याला पडद्यावरची रस्त्याची सूचना वाचून चालकाला सांगायची असते. पाठ आणि मान वाकलेली असताना धक्का बसला की मणक्याच्या पुढच्या कडेवर भार एकवटतो आणि मणका पुढून पाचरीसारखा चेपतो. लढाऊ विमानातून आसनासह बाहेर फेकल्या जाणाऱ्या वैमानिकांतही अशाच प्रकारचे अस्थिभंग दिसतात.

मऊ गादीचा गैरसमज

मग आसनात जाड, मऊ गादी घातली तर? हाच प्रश्न विमानाच्या आसनांबाबत फार पूर्वी विचारला गेला आणि उत्तर उलटे निघाले. मऊ गादीत शरीर आधी सहज खाली जाते. तोवर आसन वरच्या दिशेने वेग घेऊन आलेले असते. गादी संपते तिथे दोघांची टक्कर होते आणि मणक्याला बसणारा झटका गादी नसतानापेक्षाही मोठा ठरू शकतो. म्हणून अशा ठिकाणी हळू दाबले तर मऊ आणि जोरात दाबले तर कडक होणारा, दबल्यावर चटकन न उसळणारा फोम वापरतात. तो शरीराच्या मापाने कापलेला असतो, म्हणजे भार एका बिंदूवर न येता मांड्या, नितंब आणि पाठ यांवर पसरतो.

एका मोठ्या धक्क्यापेक्षा हजार लहान धक्के

मणका मोडतो तो एखाद्याच वेळी. रोजचे नुकसान होते ते कंपनांनी. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा धक्का देत राहिले तरी तो उंच जातो. प्रत्येक वस्तूची अशी स्वतःची एक लय असते. बसलेल्या माणसाच्या धडाची उभी लय सेकंदाला साधारण चार ते सहा कंपनांची आहे. नेमक्या या लयीत आसन हलत राहिले, तर शरीर आसनापेक्षाही जास्त हलते. पाठीचे स्नायू प्रत्येक धक्क्याला आवळायला बघतात, पण त्यांची वेळ चुकत जाते आणि ते थकतात.

ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. वाटेत दर चार मीटरला एक उंचवटा असेल, तर सेकंदाला पाच धक्के, म्हणजे बरोबर धडाच्या लयीत. म्हणूनच लाटा पडलेल्या वाटेवर काही चालक वेग कमी करण्याऐवजी वाढवतात. त्या लयीच्या पलीकडे गेले की गाडी उंचवट्यांच्या माथ्यांवरून तरंगल्यासारखी जाते.

गाडी बनवणारे म्हणून गाडीच्या सांगाड्याची लय सेकंदाला एक-दीड कंपनांच्या जवळ ठेवू पाहतात. ती माणसाच्या चालण्याच्या लयीजवळची आहे आणि शरीराला तिची सवय असते. ती आणखी सावकाश करायची म्हटले तर दुसरेच दुखणे उद्भवते. पाच सेकंदांना एक झोका अशी लय बोट लागणाऱ्या प्रवाशाची असते. खाली मान घालून वाचणाऱ्या सहचालकाला त्या लयीत मळमळ सुरू होते. कडक ठेवली तर पाठ जाते, फार मऊ ठेवली तर पोट ढवळते. यातला मधला रस्ता शोधणे म्हणजेच सस्पेन्शन बसवणे.

कामाच्या ठिकाणच्या कंपनांसाठी युरोपीय संघाने २००२ मध्ये मर्यादा ठरवल्या. आठ तासांच्या दिवसाची सरासरी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाली की मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ च्या वर जाऊ द्यायचेच नाही. हे नियम शर्यतीसाठी नाहीत. ट्रॅक्टर, डंपर, बुलडोझर चालवून पोट भरणाऱ्यांसाठी आहेत.

घाम, पाणी आणि डोके

चालकाच्या अंगावर आग न पकडणाऱ्या कापडाचा अनेक थरांचा पोशाख असतो. शेजारी तापलेले यंत्र असते. जानेवारीतले सौदी वाळवंट रात्री बोचरे थंड असले, तरी गाडीच्या आतली हवा वेगळी असते. शरीर थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. पण घाम वाळायला हवा लागते आणि जाड पोशाख ती अडवतो. उघड्यावरच्या कोरड्या हवेत उलटे होते. घाम इतक्या चटकन वाळतो की आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही.

वजनाच्या दोन टक्के पाणी गेले, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचे सुमारे दीड लिटर, की लक्ष विचलित होऊ लागते. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला की तो उष्माघात, आणि तो जीवघेणा असतो. रॅली दक्षिण अमेरिकेत होती तेव्हा २०१५ मध्ये अर्जेंटिनातल्या टप्प्यात एका पोलिश मोटारसायकलस्वाराचा असा मृत्यू झाला. उंट या बाबतीत सुदैवी. पाणी नसेल तेव्हा तो आपले तापमान ३४ पासून ४० अंशांपर्यंत चढू देतो आणि घाम वाचवतो. माणसाला ही मुभा नाही.

त्यामुळे गाडीची रचना करताना हेल्मेटपर्यंत येणारी पाण्याची नळी ही इंधनाच्या नळीइतकीच महत्त्वाची. चालकाला हात न सोडता दर थोड्या वेळाने घोट घेता आला पाहिजे. तहान लागेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो. ऑडीच्या पहिल्या गाडीतली वातानुकूलन यंत्रणा इतकी जोरकस होती, की पूर्ण क्षमतेने चालवल्यावर तिच्यातले शीतकच कधी कधी गोठून जाई. पुढच्या आवृत्तीत पंखा थांबून थांबून चालवायची सोय करावी लागली.

२०२४ च्या रॅलीत ४८ तासांचा एक टप्पा होता. दुपारी चार वाजले की जवळच्या थांब्यावर थांबायचे, तंबूत झोपायचे, मोजके अन्न खायचे, स्वतःच्या मेकॅनिकांची मदत नाही. अर्धवट झोपेनंतर दुसऱ्या दिवशी वाळूच्या टेकड्यांचा अंदाज घ्यायचा. हात साथ देतात, डोळेही साथ देतात, निर्णय मात्र मागे पडतो.

गाडी सुधारली की माणूस वेग वाढवतो

मोठे टायर आणि लांब सस्पेन्शन आले तर मणके वाचायला हवे होते. पण २०२३ मध्येच मोडलेल्या मणक्यांची चर्चा झाली. यात विसंगती नाही. गाडी जास्त झेलू लागली की चालक टेकडीवर जास्त वेगाने जातो. शंभर धक्के तिने आरामात पचवले, म्हणून एकशे एकाव्याला तो निर्धास्त असतो. त्या एका वेळी सस्पेन्शन संपते आणि पुढचे सगळे मणक्यावर येते. वैद्यकातही हे नवीन नाही. गुडघ्याचे दुखणे औषधाने थांबले की रुग्ण जिने चढू लागतो आणि सांधा आणखी झिजतो.

म्हणून नुसती गाडी सुधारून भागत नाही, नियमही लागतात. सर्वोच्च गटातल्या गाड्यांना ताशी १७० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. २०२० मध्ये पोर्तुगालचे पाउलो गोन्साल्विस यांचा सौदीतल्या टप्प्यात मृत्यू झाला आणि पुढच्याच वर्षीपासून मोटारसायकलस्वारांना फुगणारे एअरबॅग जाकीट सक्तीचे झाले. त्याच २०२१ च्या रॅलीत भारताचा सी. एस. संतोष डोक्याला मार लागून बेशुद्ध झाला. बरेच दिवस रुग्णालयात काढून तो बरा झाला. जाकीट छाती आणि पाठ सांभाळते. डोक्यासाठी हेल्मेट आणि वेग हेच उपाय.

पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये डाकारच्या क्लासिक विभागात उतरले होते. जुन्या गाड्यांच्या या विभागात सर्वांत वेगवान कोण हे पाहत नाहीत. ठरवून दिलेला सरासरी वेग किती अचूक पाळला, यावर गुण मिळतात. पाठीच्या दृष्टीने हा खेळ नक्कीच शहाणा.

साईन्झ आणि आपण

अपघातानंतर साईन्झ बरे झाले. पुढच्या वर्षीच्या गाडीत सुरक्षा आणि बसण्याची सोय यांवर काम केल्याचे ऑडीने सांगितले. १९ जानेवारी २०२४ रोजी साईन्झ यांनी डाकार जिंकली. वय ६१, चौथे विजेतेपद. विजेच्या मोटारींवर चालणारी, आतल्या पेट्रोल इंजिनाने बॅटरी भरणारी गाडी पहिल्यांदाच डाकार जिंकली होती. मोडलेला मणका नीट विश्रांती आणि उपचार मिळाले तर भरून येतो, हेही त्यातून दिसले.

पण हेलिकॉप्टर परत फिरवण्याचे त्यांचे उदाहरण कोणी गिरवू नये. अपघातानंतरच्या पहिल्या तासात शरीरात अ‍ॅड्रेनलिन इतके असते की मोडलेल्या हाडाचीही वेदना दबून जाते. ‘चालता येतंय, म्हणजे काही झालं नाही’ हा समज धोक्याचा आहे. अपघातानंतर पाठीच्या मधोमध दुखत असेल, पायांत मुंग्या किंवा बधिरपणा असेल, लघवीवरचा ताबा गेला असेल, तर माणसाला उचलून बसवू नये. पाठ न वाकवता, सपाट आणि घट्ट पृष्ठभागावर झोपवून रुग्णालयात न्यावे.

वाळूची टेकडी आपल्या वाटेत नाही, गतिरोधक मात्र आहे. एसटीच्या मागच्या चाकामागे, शेवटच्या रांगेत बसलेली आजी. हाडे ठिसूळ झालेली, मांडीवर पिशवी, पाठ पुढे वाकलेली. गाडी वेगात गतिरोधकावरून जाते, आजी आसनावरून उसळून खाली आदळते आणि मणका चेपतो. तिच्या खाली ३५ सेंटिमीटरचे सस्पेन्शन नसते आणि तिच्या मापाचा फोमही नसतो. अशा वेळी ‘वयामुळे कंबर धरली’ म्हणून बाम चोळत राहण्यापेक्षा एक्स-रे काढलेला बरा. वयस्कर प्रवाशांनी बसमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा धरावी, पाठ टेकून बसावे, पुढचा दांडा धरावा. दुचाकीवर मागे बसणाऱ्याला खड्डा दिसत नाही, म्हणून चालवणाऱ्याने खड्ड्याआधी वेग कमी करावा आणि मागच्याला तसे सांगावे. रोज ट्रॅक्टर किंवा मालवाहू गाडी चालवणाऱ्यांनी आसनाची स्प्रिंग आणि टायरमधली हवा तपासावी, तासा-दीड तासाने उतरून चार पावले चालावे आणि उतरल्या उतरल्या जड ओझे उचलू नये. थकलेली पाठ थोडा वेळ मागते.

पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागायचे, हे गणित वाळवंटात जितके खरे तितकेच गावाच्या वेशीवरच्या गतिरोधकावर. डाकारचे अभियंते थांबण्याचे अंतर सेंटिमीटर-सेंटिमीटरने वाढवत आहेत. आपल्याला उंची कमी करता येते, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलायचा, इतकेच.